पाड्याची वीज, पाड्याचे हात

वाचनभाग : नहेम्या अध्याय ३ व ५, प्रेषितांची कृत्ये ६:१-७, उत्पत्ती २६:१२-२२



मागच्या अंकात आपल्या कामातल्या एका कातकरी पाड्याबद्दल चार ओळी आल्या होत्या. पाड्याच्या अंगावरून पऱ्या वाहतो आणि पाडा मात्र पावसाळ्यात आठ-आठ दिवस अंधारात असतो, एवढेच त्यात होते. ते वाचून दोन मंडळ्यांनी कळवले की टर्बाइनचा सगळा खर्च उचलायला आम्ही तयार आहोत. नाताळच्या आत दिवे लागावेत आणि उद्घाटनाला मंडळीची बस काढून येता यावे, एवढीच त्यांची इच्छा. या प्रेमाबद्दल देवाची स्तुती असो. पण ते पैसे आम्ही अजून घेतलेले नाहीत. का घेतले नाहीत, हे दोघांना दोन पत्रे लिहून कळवण्यापेक्षा या तिमाहीच्या अभ्यासपाठातच मांडावे असे ठरले, कारण प्रश्न एका पाड्यापुरता नाही. वरचे वचनभाग आधी वाचून घ्यावेत. नहेम्याचा तिसरा अध्याय म्हणजे नुसती नावांची यादी, म्हणून आपण तो सहसा ओलांडून पुढे जातो. या वेळी तो सावकाश वाचावा.

आपल्या जिल्ह्याला पाण्यापासून होणारी वीज नवी नाही. सह्याद्रीच्या पलीकडे अडवलेले कोयनेचे पाणी बोगद्यांतून कोकणच्या बाजूला उतरते आणि चिपळूण तालुक्यात पोफळीला डोंगराच्या पोटात वीज तयार होते. हे १९६२ पासून चालू आहे. पुढे टप्पे वाढत गेले आणि आज कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. वीज करून झाली की ते पाणी वाशिष्ठीला मिळते. चिपळूणच्या लोकांना वाशिष्ठी उन्हाळ्यातही भरलेली दिसते ती त्यामुळेच. एवढी वीज ज्या जिल्ह्यात तयार होते, तिथल्या डोंगरउतारावरच्या वाड्या-पाड्यांना कंदील आणि चिमणीवर दिवस काढावे लागले, हे कोणाला वेगळे सांगायला नको.

आता बहुतेक पाड्यांपर्यंत खांब आले आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जिथे सरकारी वीज येऊ शकते तिथे आधी तिच्यासाठी अर्ज करावा, पाठपुरावा करावा, असेच माझे मत आहे. टर्बाइन बसवले की अंगणवाडीचा, शाळेचा, पाणीपुरवठ्याच्या पंपाचा हक्काचा वीजपुरवठा मागायचा राहून जातो, तसे होऊ नये. पण खांब आला म्हणजे उजेड आला असे नाही. घराखालची जमीन नावावर नसली की मीटरसाठी खेटे घालावे लागतात. बिल थकले की जोडणी तुटते. आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. झाड तारेवर पडले की दुरुस्तीची गाडी आधी बाजारपेठेत जाते, पाड्याचा नंबर शेवटी लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. सौर दिवे चांगले, पण आषाढ-श्रावणात दहा-दहा दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा बॅटरी भरत नाही. नेमका त्याच दिवसांत पऱ्या मात्र दुथडी भरून वाहत असतो. म्हणून हा विचार सुरू झाला.

बिलगावची गोष्ट

आपल्या राज्यात असे काम झालेले आहे. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यात बिलगाव नावाचे आदिवासी गाव आहे. बारा पाडे, सुमारे ३०० घरे. तिथे नदीला सुमारे ९ मीटरचा धबधबा होता. केरळचे अनिलकुमार आणि मधुसूदनन हे दोन तरुण अभियंते तिथे आले. पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी हे त्यांच्या संस्थेचे नाव. नर्मदा बचाओ आंदोलनाचे कार्यकर्ते गावात होतेच. परदेशस्थ भारतीयांच्या असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट या संस्थेने मदतीचा हात दिला. पण बंधाऱ्याचे दगड उचलले, पाट खणला, पाण्याची टाकी बांधली ती गावाने. सुमारे २,००० दिवसांचे श्रमदान झाले. १४ जानेवारी २००३ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, १५ किलोवॉटचे यंत्र सुरू झाले आणि घरांत व मुलांच्या जीवनशाळेत दिवे लागले.

पुढच्या वर्षी 'स्वदेस' चित्रपट आला. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. त्यातला विजेचा प्रसंग बिलगाववरून सुचला असे सांगतात, आणि त्यातल्या गावाचे बरेचसे चित्रण आपल्या वाईजवळच्या मेणवलीचे आहे. चित्रपट चांगलाच आहे. मात्र त्यात अमेरिकेहून एक हुशार माणूस येतो आणि गाव उजळते, अशी आठवण आपल्या मनात राहते. देणगी देणाऱ्याला ही आठवण फार गोड वाटते, कारण त्या माणसाच्या जागी तो सहज स्वतःला पाहतो. बिलगावात त्याऐवजी दोन हजार दिवसांची मजुरी होती, आणि ती ज्यांच्या घरी दिवे लागणार होते त्यांनीच केली होती.

भिंत कोणी बांधली?

आता नहेम्या ३ उघडावा. यरुशलेमेचा कोट ढासळलेला, वेशी जळालेल्या. नहेम्याजवळ राजाची पत्रे होती, लाकडाचा परवाना होता, बरोबर स्वार होते. बाहेरून गवंडी आणून काम उरकणे त्याला अवघड नव्हते. त्याने ते केले नाही. अध्यायभर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते: अमक्याच्या शेजारी अमक्याने दुरुस्ती केली. मुख्य याजकाने मेंढेवेस बांधली. सोनार होते, सुगंधी द्रव्ये करणारे होते, व्यापारी होते. बाराव्या वचनात शल्लूम आणि त्याच्या मुली आहेत. बायकांनी दगड वाहिले याची नोंद पवित्र शास्त्राने ठेवली आहे, आणि आपल्या बैठकांत अजूनही बायका मागे बसतात. कित्येकांविषयी लिहिले आहे की त्यांनी आपल्या घरासमोरचाच भाग बांधला. ज्याचे घर भिंतीला लागून आहे तो तिथे कच्चा दगड ठेवणार नाही, हे नहेम्याला ठाऊक असावे.

दोन नोंदी मला विशेष वाटतात. पाचव्या वचनात तकोवा गावच्या लोकांनी काम केले, पण त्यांच्यातल्या सरदारांनी मान वाकवली नाही. प्रत्येक गावात असे चार जण असतात. पण पुढे सत्ताविसाव्या वचनात त्याच तकोवाच्या सामान्य लोकांनी आणखी एक भाग बांधलेला दिसतो. मोठी माणसे आली नाहीत म्हणून त्यांनी काम सोडले नाही, उलट दुप्पट केले. दुसरी नोंद चौदाव्या वचनातली. उकिरडा वेस, म्हणजे जिथून शहराची घाण बाहेर जाई ती वेस, एका परगण्याच्या अधिकाऱ्याने दुरुस्त केली.

ही उकिरडा वेस विजेच्या कामात कुठे येते ते सांगते. पाण्यावरच्या छोट्या यंत्रात सर्वात महत्त्वाची वस्तू टर्बाइन नव्हे, पाइपाच्या तोंडाशी बसवलेली जाळी. पावसाळ्यात ऐन-किंजळीचा पाला, काटक्या, गाळ, कधी मेलेला खेकडा, सगळे तिथे येऊन अडकते. दिवसातून दोनदा कोणीतरी भर पावसात जाऊन ती साफ केली नाही तर संध्याकाळी दिवे मंद होतात आणि आठवड्यात यंत्र बंद पडते. हे काम रोज कोण करणार, याचे उत्तर पाड्याकडे असेल तर योजना चालेल. देणगीदाराने कितीही महागडे यंत्र दिले तरी जाळी साफ करायला तो येणार नाही.

बादली आणि घड्याळ

थोडे हिशेबाचे बोलू. पाण्याची ताकद दोन गोष्टींवर ठरते: दर सेकंदाला किती पाणी येते आणि ते किती उंचीवरून खाली येते. लहान यंत्रांत घर्षण वगैरे जाऊन साधारण अर्धी ताकद वीज म्हणून हाती लागते. सोपा आडाखा असा: सेकंदाला जितके लिटर, गुणिले जितके मीटर उंची, गुणिले ५, इतके वॉट. बिलगावच्या ९ मीटरवर १५ किलोवॉट हवे तर या हिशेबाने सेकंदाला तीनशेहून अधिक लिटर पाणी लागते, म्हणजे ती नदीच हवी. आपल्या पऱ्यावर तेवढे मागू नये. पण आपल्याकडे उतार मोठे आहेत, आणि थोडे पाणी जास्त उंचीवरून आणले तरी चालते.

समजा पाड्यात २२ घरे आहेत आणि प्रत्येकाला ७ वॉटचे दोन एलईडी बल्ब हवेत. एकूण ३०८ वॉट. समजा उंची १८ मीटर मिळते. तर सेकंदाला ४ लिटर पाणी पुरे, त्यातून ३६० वॉट मिळतील. ४ लिटर म्हणजे २० लिटरची बादली ५ सेकंदांत भरणे. उंची मोजायला सर्व्हेवाला नको. गवंडी पातळी काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात तीच घ्यावी आणि टप्प्याटप्प्याने उतार मोजत खाली यावे. पाणी मोजायला बादली आणि सेकंदकाट्याचे घड्याळ.

आता मुख्य अडचण. नाताळच्या सुमारास कोकणातला पऱ्या अजून छान वाहत असतो. बसमधून उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना तो पाहून आनंद होईल. पण आपला जांभा पाणी धरून ठेवत नाही. माघात धार बारीक होते, शिमग्यात अनेक पऱ्यांत नुसते दगड राहतात. समजा फेब्रुवारीअखेर तीच बादली भरायला २५ सेकंद लागू लागले, तर विजेचे ३६० वॉटचे ७२ वॉट होतात, म्हणजे २२ घरांत मिळून दहा बल्ब. नाताळात लावलेला दिवा होळीला विझला तर पाड्यातली माणसे यंत्राला दोष देणार नाहीत. मिशनचे लोक येऊन फोटो काढून गेले, असे म्हणतील, आणि त्यांचे चुकेल असे मला वाटत नाही.

म्हणून पाणी वर्षभर मोजल्याशिवाय पैसे घेऊ नयेत असे आम्ही ठरवले. पाड्यातल्या दोन तरुणांनी ही जबाबदारी घेतली आहे. दर रविवारी तारीख आणि सेकंद एका वहीत लिहितात. एक जण सातवी शिकलेला, दुसरा शाळेत फारसा गेलेला नाही, पण घड्याळ त्याच्याच हातात असते.

या मोजणीतून एक गोष्ट पुढे आली जी मला कार्यालयात बसून सुचली नसती. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीला किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि आगोटीला परततात. म्हणजे पऱ्यात पाणी असते तेव्हा माणसे पाड्यात असतात, आणि पऱ्या आटतो तेव्हा बहुतेक घरांना कुलूप असते. पावसाळ्याचा अंधार, सरपटणारी जनावरे, ओल्या लाकडाचा धूर, मुलांचा अभ्यास, सगळे त्याच महिन्यांतले. तेव्हा जून ते डिसेंबर चालणारे यंत्र पाड्याच्या वर्षाला बरोबर बसते. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी उन्हाळ्यात दोन-चार सौर दिवे पुरतील, आणि तेव्हा ऊन भरपूर असते. ज्यांनी देणगी देऊ केली त्यांच्या मनात बाराही महिने झगमगाट होता. पाड्याने तेवढे मागितलेलेच नाही.

अर्थात कुलूपबंद पाड्यातून पाइप आणि तांब्याची तार चोरीला जाण्याची भीती राहते. त्यावर पाड्यातल्याच एका आजीने उपाय सांगितला: शिमग्याआधी सगळे उतरवून एका घरात ठेवायचे आणि मृगाआधी परत जोडायचे. त्यामुळे जड, पक्के बसवलेले यंत्र नको, दोन माणसांना उचलता येईल असे हवे. साधा पाण्याचा पंप उलटा फिरवून टर्बाइनसारखा वापरता येतो. त्याचा गुण हा की बिघडला तर तालुक्याच्या गावात मोटार बांधून देणारा कोणीही तो उघडू शकतो. बाहेरून मागवलेल्या सुबक यंत्राचे सुटे भाग कुठे शोधायचे?

आणखी एक बाब, कारण अनेक जण विचारतात. संध्याकाळी सगळ्यांनी दिवे मालवले की यंत्रावरचा भार जातो, ते सुसाट फिरते, व्होल्टेज चढतो आणि चालू राहिलेले बल्ब उडतात. म्हणून उरलेली वीज पाणी तापवणाऱ्या हीटरकडे वळवणारा कंट्रोलर लागतो. त्या गरम पाण्याचे काय करायचे यावर पाड्यात बरीच थट्टा झाली. शेवटी बाळंतिणीच्या आंघोळीला, यावर एकमत झाले.

जमीन आणि कागद

हा भाग थोडक्यात सांगते, पण योजना बहुधा इथेच अडते. रत्नागिरी जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे पेसा कायद्याचा आधार इथे नाही. वनजमीन असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात सोय आहे: ग्रामसभेच्या शिफारशीने गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते, आणि त्या सोयींच्या यादीत अपारंपरिक ऊर्जेचे साधनही आहे. पण कोकणात डोंगरउतारसुद्धा पुष्कळदा खासगी मालकीचे. पाडा एकाच्या जमिनीवर, झरा दुसऱ्याच्या, पाइप जायचा तिसऱ्याच्या काजूच्या बागेतून. तोंडी 'हो' मिळणे सोपे असते. झाडे फळाला आली, मालक बदलला, भावाभावांत वाटणी झाली की तो 'हो' विरतो. लेखी संमती, तीही सगळ्या हिस्सेदारांची, हाती येईपर्यंत एकही पाइप विकत घेऊ नये. २००३ च्या वीज कायद्याने वीज तयार करायला परवाना लागत नाही, आणि राज्याने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात ती तयार करून वाटायलाही लागत नाही. सरकारी परवानगीची भीती जेवढी घातली जाते तेवढी खरी नाही. शेजाऱ्याच्या संमतीचे महत्त्व मात्र आपण कमी धरतो.

वाढपात कोणाला विसरले?

आता प्रेषितांची कृत्ये ६ पाहू. यरुशलेमेची मंडळी वाढत होती, रोज अन्नवाटप होत होते आणि ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत आहे अशी कुरकुर सुरू झाली. मंडळी आत्म्याने भरलेली होती, तरी वाढपात अन्याय झालाच. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना विश्वासाचा उपदेश केला नाही. माणसे नेमली. नेमलेल्या सातांची नावे वाचा: स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी नावे ग्रीक. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाढप दिले गेले असे यावरून दिसते.

पाण्यावरच्या यंत्राची वीज ठरलेली असते. २२ घरांसाठी ३६० वॉट असताना एकाने इस्त्री लावली किंवा मोठा स्पीकर लावला की बाकी एकवीस घरे अंधारतात. अधिक पैसे दिले म्हणून अधिक वीज येत नाही. म्हणून इथे मीटर लावून युनिट मोजण्यात अर्थ नाही. पाणी फुकट आहे, तुटवडा आहे तो एका वेळच्या वॉटचा. बल्बामागे वर्गणी असावी आणि प्रत्येक घराला छोटा फ्यूज. जास्त ओढले तर त्याच्याच घरचा दिवा जाईल, शेजारच्या विधवेचा नाही. वर्गणी किती? समजा घरामागे महिना ३० रुपये, वर्षातले सात महिने. २२ घरांचे ४,६२० रुपये होतात. त्यात बेअरिंग बदलता येईल, बल्ब घेता येतील, एखाद्या वर्षी मोटार बांधून घेता येईल. मोठे काही मोडले तर पुरणार नाहीत, तेव्हा मंडळीच्या मदतीला जागा आहे. माझ्या मते देणगीचा काही भाग आज यंत्रात न घालता त्या दिवसासाठी बाजूला ठेवावा.

पण ३० रुपये द्यायचे कधी? इथे नहेम्याचा पाचवा अध्याय आठवतो. भिंत चढत असताना गरिबांनी ओरड केली की धान्यासाठी आम्ही शेते गहाण टाकली, मुले दास्यात दिली. नहेम्या रागावला, त्याने भिंतीचे काम बाजूला ठेवून सभा बोलावली आणि व्याज बंद करवले. स्वतः बारा वर्षे अधिकाऱ्याचा भत्ताही घेतला नाही. आपल्या पाड्यांत भर पावसाळ्यात हाती पैसा नसतो, तेव्हाच भट्टीचा मुकादम उचल घेऊन येतो, आणि त्या उचलीपायी सबंध कुटुंबाचा पुढचा हंगाम बांधला जातो. श्रावणात दिव्याची वर्गणी सक्तीने मागितली तर तीही उचलीतून भरली जाईल. मिशनने दिलेला दिवा मुकादमाच्या कर्जावर जळेल. हे टाळायचे तर वर्गणी भातलावणीची मजुरी हाती येते तेव्हाच घ्यावी, किंवा ज्याला जमत नाही त्याच्याकडून जाळी साफ करण्याचे, पाट उपसण्याचे दिवस घ्यावेत. वहीत दोन्हींची किंमत सारखी लिहावी.

समितीबद्दल पाड्यात तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत पुरुषच बोलले आणि समितीत पाच पुरुषांची नावे पुढे आली. दुसऱ्या बैठकीत मी कृत्ये ६ ची गोष्ट सांगितली, उपदेश केला नाही. तेव्हा एक म्हातारी उठून म्हणाली, "ताई, दिवा तुमचा का आमचा, ते आधी सांगा. आमचा असंल तर पैशे बचत गटात ठेवू. तुमचा असंल तर तुम्हीच सांभाळा." मला याहून चांगला प्रश्न कोणत्याही प्रकल्प अहवालात वाचल्याचे आठवत नाही. तिसऱ्या बैठकीत सात जण ठरले, त्यांत चार बायका. त्यांतल्या दोघी पाड्याच्या वरच्या टोकाला राहतात, जिथे तार सर्वात शेवटी पोचेल आणि व्होल्टेज सर्वात कमी येईल. वरच्या घरांना उजेड नीट मिळतो की नाही हे त्यांच्याइतके दुसरे कोण पाहणार? पाड्यातली तीन-चार घरे प्रार्थनेला येतात, बाकीची येत नाहीत. तारेच्या बाबतीत हा फरक केला जाणार नाही, हेही त्या बैठकीत मोठ्याने सांगून झाले आहे. आपल्या देणगीदारांनीही ते ऐकून ठेवावे.

बुजवलेल्या विहिरी

बिलगावचे पुढे काय झाले हे सांगितल्याशिवाय पाठ पुरा होणार नाही. सरदार सरोवराची भिंत टप्प्याटप्प्याने उंच होत गेली आणि २००६ साली त्या जलाशयाच्या फुगवट्यात बिलगावचे वीजघर बुडाले. जेमतेम साडेतीन वर्षे ते चालले. लोकांनी हातांनी बांधलेले १५ किलोवॉट, हजारो मेगावॉटच्या भाषेत बोलणाऱ्या धरणाच्या पाण्याखाली गेले. धरणाच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले आहे, आपल्या वाचकांतही दोन्ही मतांचे लोक आहेत. पण तो पाट खणलेल्या माणसाच्या जागी उभे राहून एकदा विचार करावा.

उत्पत्ती २६ मध्ये इसहाकाच्या बापाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या. नवीन खणली तर गरारचे गुराखी म्हणाले, पाणी आमचे. तिचे नाव त्याने एसेक ठेवले. दुसरी खणली, तिच्यावरही भांडण, ती सितना. मग तो तिथून पुढे गेला आणि तिसरी खणली, तिच्यावर कोणी भांडले नाही, ती रहोबोथ. आपण हा भाग बहुधा इसहाकाच्या सहनशीलतेसाठी शिकवतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. प्रत्येक वेळी त्याच्या चाकरांना विहीर खणता येत होती. कुठे खणावे, किती खोल जावे, पाणी लागल्याची खूण काय, हे त्यांना माहीत होते. विहीर बुजवता येते, पण ते ज्ञान बुजवता येत नाही. बाहेरच्या कंत्राटदाराने खणून दिलेली विहीर बुजली असती तर इसहाक पुन्हा पैसे कुठे मिळतात ते शोधत बसला असता.

दारेवाडीचा उल्लेख इथेच करते. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या या छोट्या आदिवासी वस्तीत २०१२ साली सौर विजेचे छोटे जाळे उभे राहिले, घरे चाळीसच्या आत. तिथेही पैसा बाहेरचा होता, पण चालवायला गावाचा न्यास स्थापन झाला आणि वसुली गावकऱ्यांकडे राहिली. साधन पाणी असो की ऊन, चालवणार कोण हा प्रश्न तोच आहे.

सध्याची स्थिती अशी. वहीत पावसाळ्याचे आणि हिवाळ्याचे आकडे भरले आहेत, उन्हाळ्याचे यायचे आहेत. तीनपैकी दोन जमीनमालकांच्या घरून लेखी संमती मिळाली आहे. तिसऱ्या घरात चार हिस्सेदार आहेत, त्यांतले दोन मुंबईला असतात. पाड्याने पाटासाठी घरामागे दहा दिवसांचे श्रमदान द्यायचे कबूल केले आहे, पण भट्टीवरून परत आल्यावर. म्हणजे नाताळ चुकला. काम झालेच तर पुढच्या मृगाच्या आधी होईल. ज्या दोन मंडळ्यांनी मदत देऊ केली त्यांना विनंती आहे की पैसे तोवर आपल्याकडेच ठेवावेत, आणि त्या आधी बसने नव्हे, चार-पाच जणांनी शिमग्याच्या सुमारास यावे. तेव्हा पऱ्या कोरडा असेल. पाहण्यासारखे काही नसेल, पण पाइपाची वाट चालून पाहता येईल आणि समितीतल्या बायकांशी बोलता येईल.

प्रार्थनेसाठी विषय : तिसऱ्या घरातल्या चारही हिस्सेदारांचे मन वळावे आणि त्यांच्या आपसांत वाद होऊ नये. वही लिहिणाऱ्या दोन तरुणांपैकी एक या वर्षी भट्टीवर गेला आहे, त्याला आणि त्याच्या घरच्यांना सुखरूप परत आणावे. वरच्या टोकाला राहणाऱ्या आजी आजारी आहेत, त्यांच्यासाठीही प्रार्थना करावी.